वाटीतल्या चार गोळ्या

काकांचं वजन मी अडीच वर्षं रोज सकाळी केलं. न्हाणीघराच्या दाराशी काटा ठेवायचा, काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून त्यावर चढायचं, आणि मी वाकून आकडा वाचायच्या आत ते विचारायचे, "किती टन?"

काकांची सगळी नोकरी कळंबोलीच्या लोखंड बाजारात, वजनकाट्यावर गेली. ट्रक भरून आला की एकदा वजन, माल उतरवून निघाला की दुसऱ्यांदा वजन. किडन्या निकामी झाल्यावर त्यांच्या वाट्याला तेच आलं. मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिस. सेंटरला पोचलं की आधी वजन, चार तास मशीनवर झोपून उठलं की परत वजन. मधला फरक म्हणजे अंगात साठलेलं पाणी, जे लघवीवाटे जायला हवं होतं आणि आता जात नव्हतं. तिथल्या मुलांना काका म्हणायचे, "गाडी ओव्हरलोड आहे. रिकामी करून सोडा, पण टायर काढून घेऊ नका."

शेजारच्या खाटेवर नेरे गावचे एक म्हातारे शेतकरी असायचे. ते काकांना 'काटेवाले' म्हणायचे.

"काय काटेवाले, आज किती पानी आनलंत?"

"अडीच किलो. तुम्ही?"

"आमी काय नाय प्यालो. येक घोट चहा, त्यो बी बायकोनं मोजून दिलान."

मग त्यांच्या काट्यावर साडेतीन किलो निघायचे आणि काका छातीवरची चादर हलेपर्यंत हसायचे. हात हलवायची सोय नव्हती, डाव्या हातात सुया असत.

मी हिंगोलीकडची. सातवीत शाळा सुटली. नवरा गेल्यावर मुलीला आईजवळ ठेवून इकडे आले. आमच्या गावची एक बाई पनवेलजवळच्या कोन गावात एका सोसायटीत काम करायची, तिने मला नवीन पनवेलला काका-काकूंच्या घरी आणून सोडलं. आजारी माणसाचं बघायचं, राहायचं, खायचं. पहिल्याच दिवशी काकूंनी गोळ्यांचा डबा समोर ठेवला आणि विचारलं, "नावं वाचता येतात ना तुला?"

मी म्हटलं, "येतात."

येत नव्हती. पाकिटांवर सगळं इंग्रजी, आणि माझं इंग्रजी एबीसीडीपुढे गेलेलं नव्हतं. पण 'नाही' म्हटलं असतं तर परत बॅग उचलावी लागली असती. दुसऱ्या दिवशी मी पाकिटं उलटीसुलटी करताना काकांनी पाहिलं. दुपारी काकू झोपल्या तेव्हा त्यांनी मला बोलावलं, जाड काळा पेन मागितला आणि एकेका पाकिटाच्या मागे मराठीत लिहून दिलं. 'बीपी सकाळ'. 'बीपी रात्र'. 'जेवणासोबत'. 'खाज'.

"काकूंना सांगू नकोस," ते म्हणाले. "ती उगाच घाबरते. आणि तू तर तिच्याहून घाबरट दिसतेस. घरात दोन दोन घाबरट मला झेपायचे नाहीत."

त्यांनीच मला वही घालून दिली. तारीख, वजन, बीपी, दिवसभरात प्यालेलं पाणी. सुरुवातीला माझं अक्षर पाहून म्हणाले, "हे काय, मुंग्या चालल्यात का?" पण रोज लिहून लिहून हात वळला. आता हे लिहिते आहे तेही त्यांच्यामुळेच. मशीनवर पडल्या पडल्या ते माझ्या मुलीला फोन लावायला सांगायचे आणि तिला पाढे विचारायचे. तिच्या मास्तरांपेक्षा ती यांना जास्त घाबरायची. एकोणतिसाचा पाढा ती ज्या दिवशी न अडता म्हणाली, त्या दिवशी त्यांनी सगळ्या वॉर्डाला ऐकवलं.

घाबरट मी होतेच. गॅस बंद केला का हे तीनदा बघायची. काकांच्या डाव्या हातात सुयांसाठी शिरा जोडलेल्या होत्या, तिथे कान लावला की घरघर ऐकू यायची. ती चालू आहे ना हे मी सकाळ-संध्याकाळ बोट ठेवून बघायची. पालेभाजी दोनदा उकळून पाणी फेकायची. पाण्याच्या बाटलीवर रेघा मारून ठेवल्या होत्या. नियम सांगितला की मी तो मोडायची नाही. हेच पुढे नडलं.

नियम असा होता. मशीनवर पाणी काढताना बीपी खाली जातं. म्हणून डायलिसिसच्या दिवशी सकाळच्या बीपीच्या दोन गोळ्या आधी द्यायच्या नाहीत, घरी आल्यावर द्यायच्या. एकदा सुरुवातीला त्या चुकून आधी दिल्या गेल्या आणि काकांना तिथे घेरी आली होती, पाय वर करून ठेवावे लागले होते. तेव्हापासून मी मशीनच्या दिवशी सकाळीच त्या दोन गोळ्या डब्यातून काढून एका छोट्या स्टीलच्या वाटीत ठेवायची आणि वाटी देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर. जागा काकूंनी ठरवलेली. घरी आल्यावर काका पाय धुऊन देवाला हात जोडायचे, तिथेच समोर वाटी असायची. अडीच वर्षांत एकदाही विसरलं नाही.

आणि मशीनच्या दिवशी घरी बीपी बघायचं नाही. ते सेंटरला दर तासाला बघतात, त्यांच्या फाइलीत लिहितात. माझ्या वहीत मंगळवार, गुरुवार, शनिवार बीपीचा रकाना कोराच असायचा.

त्या शनिवारी मी गोळ्या वाटीत काढल्या, काकांचा शर्ट इस्त्री केला, रिक्षावाल्याला फोन केला. निघणार तेवढ्यात सेंटरमधून फोन आला. त्यांचा पाण्याचा प्लांट बंद पडला होता. मशीनला खास साफ केलेलं पाणी लागतं, ते नाही तर काहीच नाही. "उद्या रविवारी स्पेशल लावतोय सगळ्यांचं. अकराला या."

काकांना शाळा बुडल्याचा आनंद झाला. शर्ट काढून गंजीवर बसले. "आज मला पेशंट म्हणायचं नाही कुणी." काकूंकडे पापड मागितला.

"मीठ आहे त्यात."

"अर्धा."

"पाव."

"भाजी मंडईत बसायला हवी होतीस तू," काका म्हणाले आणि पाव पापड दोन तास पुरवून खाल्ला.

दुपारी आम्ही तिघं पत्ते खेळलो. काका लबाडी करायचे, ती पकडली की म्हणायचे, "रक्तातला युरिया डोक्यात गेलाय, मला माफ आहे." संध्याकाळी म्हणाले, मान धरलीय. मी बाम चोळला. बराच वेळ चोळला. माझ्या बोटांना आठवतं, मानेच्या शिरा कडक लागत होत्या, आणि मी काय म्हणाले, "पत्ते खेळून अवघडली असेल." बीपीचं मशीन टीव्हीखालच्या कपाटात होतं, माझ्यापासून चार पावलांवर. पण शनिवार होता. शनिवारी घरी बीपी बघत नाहीत.

काकूंनी दिवा लावला. रात्रीची गोळी मी वेळेवर दिली. ती डब्यात होती ना. सकाळच्या दोन मात्र घरी आल्यावर द्यायच्या होत्या, आणि आम्ही घरातून गेलोच नव्हतो तर घरी येणार कुठून? आता लिहिताना हे इतकं सोपं दिसतं की लाज वाटते. त्या दिवशी तिघांपैकी कुणाच्याही ध्यानात आलं नाही.

रविवारी सकाळी मी पुन्हा दोन गोळ्या डब्यातून काढल्या. आज मशीन होतं. वाटीत आधीच्या दोन होत्या का, हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं असेल. हाताने नुसत्या टाकल्या.

काका उठले तेच डोकं धरून. "रात्रभर कुणी घण मारतंय." काकू म्हणाल्या, पाणी जास्त झालंय, मशीन लागलं की उतरेल. याआधी तसं झालंही होतं. मी काटा ठेवला. ते माझ्या खांद्यावर हात ठेवून चढले. मी आकडा बघायला वाकले.

"किती..." ते म्हणाले. पुढचा शब्द वाकडा आला. टन नव्हता तो, काहीच नव्हता. मी वर पाहिलं तर तोंडाची उजवी बाजू सैल पडलेली, आणि माझ्या खांद्यावरचा हात घसरत होता. तो हात मी दोन्ही हातांनी धरला. काट्यावर आकडा लुकलुकत होता. तो मी वाचला नाही. वहीत त्या दिवसाचं वजन नाही.

हॉस्पिटलला पोचेपर्यंत दोनदा उलटी झाली. इमर्जन्सीत त्यांनी बीपी घेतलं तेव्हा सिस्टर दुसऱ्या सिस्टरला बोलवायला पळाली. डोक्याचा फोटो काढायला नेलं. तरुण डॉक्टर होता, हातात कागद घेऊन भराभर विचारत होता.

"बीपीच्या गोळ्या नियमित होत्या?"

काकू म्हणाल्या, "एकही चुकत नाही. ही देते. हिच्या हातून चूक होत नाही."

"आज सकाळची?"

"आज डायलिसिस होतं, म्हणून नाही दिली. तसंच सांगितलंय आम्हाला."

"काल?"

"काल दिली," काकू म्हणाल्या आणि माझ्याकडे पाहिलं.

तेव्हा मला वाटी दिसली. इमर्जन्सीच्या त्या पांढऱ्या उजेडात, देव्हाऱ्याशेजारची फळी आणि वाटी, जशीच्या तशी. डॉक्टर पेन धरून थांबला होता. काकू माझ्याकडे बघत होत्या.

मी मान हलवली. हो म्हणून.

त्याने लिहून घेतलं.

मेंदूत रक्तस्राव झाला होता, मोठा आणि खोल. काकांचे किडनीचे डॉक्टर आले तेव्हा त्यांनी काकूंना आणि पुण्याहून आलेल्या त्यांच्या लेकीला खुर्चीवर बसवून सांगितलं, मी भिंतीशी उभी होते. म्हणाले, किडनीच्या पेशंटना याचा धोका इतरांपेक्षा खूप जास्त. वर्षानुवर्षं बीपी वाढलेलं, त्याने मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या ठिसूळ होतात. रक्तात घाण साठली की रक्त गोठायला हवं तसं गोठत नाही. शिवाय नळ्यांत रक्त जमू नये म्हणून मशीनवर ते पातळ करायचं औषध देतात. त्यामुळे एकदा फुटलं की थांबता थांबत नाही. ऑपरेशन झेपणार नाही. डायलिसिस न करून चालणार नाही, आणि केलं तर मेंदूची सूज वाढायची भीती. "दोन्हीकडून अडचण आहे," ते म्हणाले. अगदी हळू आवाजात.

फाइल आणायला मला घरी पाठवलं. कुलूप उघडून मी आधी देव्हाऱ्याकडे गेले. वाटीत चार गोळ्या होत्या. दोन पांढऱ्या, दोन फिकट गुलाबी. मी वहीचं कोरं पान फाडलं, त्यात त्या बांधल्या आणि पुडी पर्समध्ये अगदी खाली ठेवली. वाटी धुतली, पुसली, पालथी घातली. हे सगळं करताना मी रडत नव्हते. चोर कसं भराभर आवरतो तसं आवरत होते, हे मला माझंच कळत होतं.

पाच दिवस काका तसेच होते. त्यांच्या डाव्या हातातली घरघर चालू होती. मी रोज बोट ठेवून बघायची, कुणी हटकलं नाही. सोमवारी हॉस्पिटलच्या मशीनवर रक्त पातळ करायचं औषध न घालता हळूहळू डायलिसिस केलं. माझ्या मुलीने फोन केला, म्हणाली, "आजोबांच्या कानाशी धर, मी पाढा म्हणते." मी धरला. तिने एकोणतिसाचा म्हटला. काकांचं बोटसुद्धा हललं नाही. ती विचारत राहिली, "ऐकला ना गं त्यांनी? हसले का?" मी हो म्हटलं. हो म्हणायची मला सवयच लागली होती.

गुरुवारी सकाळी ती घरघर थांबली.

त्यानंतरचे दिवस मी काम करत राहिले. लोक येत, चहा होई. आणि काकू येणाऱ्या प्रत्येकाला सांगत, "या मुलीने इतकं केलं त्यांचं. पोटच्या लेकीनेही केलं नसतं." त्यांची लेक शेजारी बसून मान डोलवायची. माझा हात धरून म्हणाली, "तुझे उपकार कसे फेडू?" मी ट्रे घेऊन आत गेले आणि सिंकशी उभी राहिले. शिव्या खाल्ल्या असत्या तर त्या कुठे ठेवायच्या हे मला माहीत होतं. हे कुठे ठेवायचं ते कळत नव्हतं.

तेराव्यानंतर काकूंची लेक पुण्याला गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी काकू डायनिंग टेबलाशी बसून काकांच्या उरलेल्या गोळ्या पिशवीत भरत होत्या. सेंटरला नेऊन द्यायच्या, कुणाच्या तरी उपयोगी पडतील म्हणून. पाकिटामागचं 'बीपी सकाळ' हे अक्षर त्या बघत होत्या.

"हे यांचं अक्षर," काकू म्हणाल्या. "यांनी कधी लिहिलं हे?"

मी सगळं सांगितलं. इंग्रजी वाचता येत नव्हतं इथपासून. मग पुडी काढून टेबलावर उघडली. एका गोळीचा कोपरा झडला होता.

"शनिवारच्या दोन, रविवारच्या दोन," मी म्हटलं.

काकूंनी एकेक गोळी बोटाने बाजूला केली. खाली भंगारवाला ओरडत गेला. मग त्यांनी विचारलं, "डॉक्टर विचारत होते, तेव्हा तुला माहीत होतं?"

"तेव्हाच आठवलं."

"मी तुझ्या बाजूने बोलत होते." आवाज चढला नव्हता. "मी त्या माणसाला सांगत होते, हिच्या हातून चूक होत नाही. आणि तू मला बोलू दिलंस."

मी पाय धरायला वाकले. त्यांनी पाय मागे घेतले. "तसलं काही नको," म्हणाल्या. "चप्पल घाल. डॉक्टरांकडे जाऊ."

किडनीच्या डॉक्टरांनी पुडीतल्या गोळ्या पाहिल्या. एक पांढरी उचलून पुन्हा ठेवली. म्हणाले, "रोज वेळेवर गोळ्या घेणाऱ्यांनाही हे होतं. मशीन एक दिवस चुकलं, पाणी वाढलं, त्यानेही बीपी चढतं. या गोळ्यांमुळेच झालं असं मी म्हणू शकत नाही."

"गोळ्यांमुळे नाही झालं असं म्हणू शकता?" काकूंनी विचारलं.

डॉक्टर माझ्याकडे न बघता म्हणाले, "नाही." मग म्हणाले, "चूक आमचीही आहे. डायलिसिसच्या दिवशी आधी देऊ नका एवढंच आम्ही सांगतो. डायलिसिस रद्द झालं तर द्या, हे सांगायचं राहतं."

मशीनच्या वॉर्डात पिशवी द्यायला गेलो तर काकांच्या खाटेवर दुसरं कुणी होतं. नेऱ्याच्या म्हाताऱ्यांनी मला ओळखलं. "काटेवालं गेलं," म्हणाले, विचारलं नाही. "आता हितं टाइम जात नाय." मी त्यांच्या उशाशी गेले. म्हटलं, "बाबा, ज्या दिवशी मशीन लागणार नाही, त्या दिवशी सकाळची बीपीची गोळी घ्यायची. घरी बायकोला सांगा." त्यांना वाटलं मी असंच काळजीने बोलते आहे. "सांगतो पोरी," म्हणाले. मग मी पलीकडच्या खाटेवरच्या बाईकडे गेले, तिलाही सांगितलं. सगळ्या वॉर्डाला सांगितलं. काकू दारात पिशवी धरून उभ्या होत्या, मला थांबवलं नाही.

मला वाटलं होतं आता गावी जायचं. बॅग भरून ठेवली. काकूंनी ती पाहिली आणि म्हणाल्या, "मी काही तुला जा म्हटलेलं नाही." राहा असंही म्हटलं नाही. मी राहिले. कामापुरतं बोलणं व्हायचं. काकूंनाही बीपी आहे, त्यांची गोळी मीच द्यायची आधीपासून. त्या दिवसापासून त्या स्वतः घ्यायला लागल्या. डबा स्वतःच्या खोलीत नेला.

त्या शनिवारी संध्याकाळी दिवा लावताना वाटीतल्या गोळ्या काकूंना दिसल्या असतील का, हे माझ्या मनात येतं. फळी देव्हाऱ्याला लागूनच आहे, आणि दिवा लावणारीचा हात वाटीवरूनच जातो. मी हे कधी विचारलेलं नाही. विचारणारही नाही. कधी कधी त्या दिवा लावून तिथेच उभ्या राहतात, हात न जोडता, आणि मी स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात वाजवते.

दीडेक महिना असा गेला. मग एका सकाळी मी पोळ्या करत होते, काकू आल्या, गोळ्यांचा डबा ओट्यावर ठेवला आणि टेबलाशी जाऊन बसल्या.

"माझी गोळी दे," म्हणाल्या.

मी हात धुतले, पुसले. पाकिटामागे काही लिहिलेलं नव्हतं. इंग्रजी अक्षरं मी एकेक करून जुळवली, दोनदा, मग गोळी काढली. पेल्यात पाणी घेतलं. काकूंनी तळहात पुढे केला. मी गोळी त्यावर ठेवली.

काकांचं सगळं चालू होतं तेव्हा, मी गोळी दिली की काकू टीव्हीकडे बघत ती तोंडात टाकायच्या. त्या दिवशी त्यांनी तळहात डोळ्यांजवळ नेला, गोळी नीट पाहिली, मग घेतली. पेला माझ्या हातात परत दिला.

अजूनही रोज माझ्याच हातून घेतात. रोज आधी पाहून घेतात.